येणाऱ्यांचा बाण

१

पुस्तकवाले सापडले सकाळी साडेसातला. कड्याखाली, पालथे, एक बूट पायात आणि दुसऱ्याचा पत्ता नाही. वाटाड्याने वरून पाहिलं आणि तीन लांब शिट्ट्या दिल्या. आमच्या डोंगरावर तीन शिट्ट्या म्हणजे माणूस मिळाला. कसा मिळाला ते शिट्टीत कळत नाही, पण या इतक्या संथ होत्या की निवाऱ्याच्या दारात उभ्या उभ्या मी काय ते समजले.

निवारा मी चालवते. डोंगर चढून आलेल्यांना चार भिंती, गरम सूप आणि कोरडं पांघरूण द्यायचं, आणि ओले मोजे शेगडीवर टांगले की ओरडायचं, हे माझं काम. माझे हे गेल्यापासून आम्ही दोघीच असतो इथे, मी आणि माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते, म्हणून आता अख्खा डोंगर वन्संच म्हणतो. साठी उलटलेल्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि बोलायला महाकंजूष. ती कसर मी भरून काढते. तीस वर्षं या डोंगरातल्या वाटांवरच्या पिवळ्या खुणा वन्संच रंगवतात. पुस्तकवाल्यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की या बाईच्या बाणावर डोळे मिटून चालावं.

आणि तसंच झालं होतं. निवाऱ्यापासून कड्याच्या टोकाकडे जी वाट जाते, तिच्यावर दहा मिनिटांवर झरा आहे आणि तिथून पाच मिनिटांवर फाटा. टोकावरून परत येताना या फाट्यावर उजवीकडे वळलं की निवारा. डावीकडे गुरांची जुनी वाट आहे, ती शंभरेक पावलांवर कड्यात संपते. फाट्यावर एक मोठा खडक आहे आणि त्याच्यावर आज हातभर लांबीचा, झगझगीत पिवळा बाण होता.

बाण डावीकडे होता.

वाटाड्याने तो मला दाखवला तेव्हा माझी वाचाच बसली. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. माझ्या मागे पुस्तकवाल्यांचे धाकटे भाऊ उभे होते. ते बाणाकडे बघत राहिले, मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या नणंदेने मारलं माझ्या दादाला."

२

आदल्या दिवशी अकराच्या सुमारास ते चौघे वर आले होते. एक पुस्तकवाले. ट्रेकच्या वाटांवर त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत. कुठली वाट किती तासांची, कुठे पाणी, कुठे वळायचं, सगळं. दुसरे त्यांचे धाकटे बंधू, नकाशे काढणारे. तिसरी एक दातांची डॉक्टरीण, चाळिशीची, कमी बोलणारी, एकटीच या गटात नाव नोंदवून आलेली. आणि चौथा त्यांचा वाटाड्या लंबू. सहा फूट दोन इंच. आमच्या दारात दर खेपेला कपाळ आपटतो आणि दर खेपेला दाराला दोष देतो.

आल्या आल्या डॉक्टरीणबाईंनी धाकट्यांच्या टाचेवरचा फोड साफ करून पट्टी बांधली. पिशवीतून रबरी हातमोज्यांचा नवाकोरा खोका काढला, एक जोडी चढवली, काम झाल्यावर ती उलटी करून कचऱ्यात टाकली. मला तो व्यवस्थितपणा आवडला. मी त्यांना सूप एक पळी जास्तच वाढलं.

जेवताना पुस्तकवाल्यांनी लंबूची पार सालटी काढली. मागच्या मोसमात लंबूने म्हणे एका गटाला पावसात मागे सोडलं होतं, आणि ते नव्या आवृत्तीत छापून येणार होतं. लंबू नुसता ताटात बघत होता. पुस्तकात नाव खराब झालं की वाटाड्याला कोण बोलावतंय?

मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि पुस्तकातच चूक असली तर?"

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते," पुस्तकवाले म्हणाले आणि ब्रेड सुपात बुडवला. मग पुस्तक उघडून आम्हाला वाचून दाखवायला लागले. "हे बघा, तुमच्या फाट्याबद्दल. 'खडकावर वीतभर बाण, पुसट.' सहा वर्षांपूर्वीचं आहे. आज जाऊन बघतो, पुसट आहे का अजून."

वन्सं कोपऱ्यात हात पुसत होत्या. सकाळी त्या त्याच वाटेवर रंगकाम करून आल्या होत्या आणि बोटं पिवळीधमक होती. हा ऑइल पेंट मोठा चिवट असतो, रॉकेलने घासला तरी आठवडाभर नखांतून निघत नाही. रंगाचा छोटा डबा, रंगाचा ब्रश आणि खडक घासायचा तारेचा ब्रश नेहमीसारखे लाकडांच्या खोपीच्या वळचणीला ठेवले होते.

लंबूने सांगितलं, "तीननंतर धुकं उतरतं. त्याच्या आत परत या."

दोनला पुस्तकवाले एकटेच निघाले. वेळ मोजत चालायचं असलं की त्यांना सोबत नको असायची. धाकटे तरी त्यांच्या मागे झऱ्यापर्यंत गेले आणि टाच दुखते म्हणून परत येऊन अंगणात पाय पाण्यात सोडून बसले. लंबू लाकडं आणायला गेला. डॉक्टरीणबाई दोन बाटल्या आणि पाठपिशवी घेऊन झऱ्यावर गेल्या. वन्सं झोपल्या होत्या. मी भांडी घासत होते आणि सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत होते, कारण मदतीला कुणी नाही.

धुकं तीनला नाही, पावणेतीनलाच आलं. चार वाजले, पाच वाजले. सहा वाजता आम्ही सगळे शेगडीभोवती बसलो होतो आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मला रबर जळल्याचा वास आला. मी लंबूवर खेकसले, "बुटाचे तळवे शेगडीला लावू नकोस, शंभर वेळा सांगितलंय." तो म्हणाला, "माझे बूट दाराशी आहेत, वहिनी."

धाकटे सारखे दाराकडे बघत होते. ते म्हणाले, "दादा वाट चुकला असेल." लंबू म्हणाला, "ते टोकावरच्या कपारीत थांबले असतील. जुने गडी आहेत." डॉक्टरीणबाईंनी धाकट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका. फाट्यावर चांगला हातभर बाण आहे. धुक्यातसुद्धा चुकणार नाहीत." मी म्हणाले, "सूप घ्या जरा, गार होतंय."

पुढे रात्रभर पाऊस कोसळला, लंबू दोनदा बाहेर जाऊन हाक मारून आला, आणि सकाळी त्या तीन शिट्ट्या झाल्या.

पण तो बाण बघून मी निवाऱ्यात परतले तेव्हा वन्संनी मला स्वयंपाकघरात ओढलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ऐक गं," त्या म्हणाल्या, "फाट्यावरचा तो बाण काल सकाळी मी रंगवलाय."

३

खाली पोलिसांना कळवायला लंबू लगेच निघाला. तासाभरात चिखलाने माखून परत आला. घोड्याच्या नाळेसारखं जे मोठं वळण आहे, तिथली अख्खी वाट दरडीने नेली होती. वरून जायला जागा नाही, खालून नाही. फोनला इथे रेंज नसतेच. खालचे लोक वाट मोकळी करून येईपर्यंत दोन दिवस, कदाचित तीन.

म्हणजे आम्ही पाच जण, एक खोली, एक शेगडी, बाहेर हात लांब केला तर बोटं दिसणार नाहीत असं धुकं, आणि लाकडांच्या खोपीत ताडपत्रीखाली पुस्तकवाले. लंबूने दोर लावून त्यांना वर आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मान मोडली होती. बाई उघड्या हातांनीच तपासत होत्या आणि नंतर किती तरी वेळ हात धूत राहिल्या. मी म्हणाले, "हातमोजे घालायचे होते ना." त्या म्हणाल्या, "संपले."

खोलीच्या दोन्ही खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. कोणी उठलं की सगळ्यांच्या माना वळायच्या. धाकट्यांनी वन्संकडे बोट दाखवलं. "ही बाई इथे मोकळी फिरणार असेल तर मी या खोलीत बसणार नाही."

"मग बाहेर बसा," मी म्हणाले. "धुकं भरपूर आहे."

पण वन्संच उठल्या. कोठीच्या खोलीत गेल्या, बटाट्याच्या पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "लाव कडी. त्यांना बरं वाटेल." मी कडी लावली आणि कुलूपही घातलं, कारण धाकटे समोर उभे होते. तीस वर्षं जिने लोकांना घरी सुखरूप पोचवलं, तिला मी कुलपात घालत होते. लाज वाटली मला स्वतःची.

सगळे पांगल्यावर मी कोठीच्या दाराशी बसले. फळ्यांत हात जाईल एवढी फट आहे. "वन्सं, तुम्ही रंगवलात, पण उजवीकडेच ना?"

मग त्या म्हणाल्या, "तेच तर. तुला माहीत आहे माझं."

मला माहीत होतं. फक्त मलाच. वन्संना काचबिंदू आहे. गेली नजर परत येत नाही आणि उरलेली रोज थोडी थोडी जाते आहे. त्यांना आता नळीतून बघितल्यासारखं, मधलं तेवढंच दिसतं, तेही अंधूक. वनखात्याला कळलं तर त्याच दिवशी हातातला ब्रश काढून घेतील. लग्न नाही, मूलबाळ नाही, त्या ब्रशशिवाय वन्संचं म्हणावं असं काही नाही. म्हणून दोघी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

"टोकाकडे जाणाऱ्यांच्या खुणा सगळ्या झाल्या," त्या आतून सांगत होत्या. "येताना धुकट होतं, खडक ओले होते, म्हणून येणाऱ्यांच्या उद्यावर टाकल्या. पण फाट्यावरची सोडवेना. कपड्याने खडक कोरडा केला आणि तेवढी एक केली. माझ्या हाताला वाटलं, बरोबर आहे. पण माझ्या हाताचं कोण ऐकणार? माणूस तर गेला."

"म्हणजे तुम्ही कबूल करणार?"

"माझ्याकडून झालं असेल तर करायला नको?" त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बदलला, रंग घोटताना असतो तसा. "तू बाण बघितलास ना? मला सांग, केवढा होता?"

४

मी फटीतून हात घालून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं. "हातभर."

वन्संनी माझा हात अंधारात चाचपला. एकदा, दोनदा. "नक्की?"

"माझे डोळे शाबूत आहेत, वन्सं."

"मी वीतभराच्या पुढे बाण काढत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तीस वर्षांत एकदाही नाही. वीत टेकवते आणि तेवढाच." मग पोतं हलल्याचा आवाज. "आता तू माझे डोळे हो. कोणाच्या हाताला पिवळं आहे?"

"कोणाच्याच नाही. फक्त तुमच्याच. धाकट्यांनी सकाळीच सगळ्यांचे हात बघितले, म्हणून तर तुमच्यावर घसरले."

"हातमोजे? लोकरी, कातडी, कुणाचे पिवळे झालेत?"

"लंबूचे दोरीवर वाळताहेत, काळे ते काळे. धाकट्यांकडे नाहीतच."

"जा. एकेकाला विचार, काल दोन ते तीन कुठे होते. भांडू नकोस."

ही शेवटची अट जाचक होती, पण मी गेले. लंबू दाराशी दोर पिळत होता. तो म्हणाला, "मी खालच्या रानात लाकडं तोडत होतो. माझं नाव छापून येणार होतं म्हणून माझ्यावर संशय घ्याल, ते मला कळतं. पण वहिनी, मला त्यांना ढकलायचं असतं तर वाटेत शंभर जागा होत्या. बाण कशाला रंगवत बसू?" त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. शिवाय कुऱ्हाडीचा आवाज मी भांडी घासताना सारखा ऐकला होता.

धाकटे खिडकीशी होते. पाय पाण्यात सोडून बसले होते ते मी स्वतः पाहिलं होतं, मध्ये दोनदा त्यांनी गरम पाणी मागितलं होतं आणि मी दोनदा कुरकुरत दिलं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादा मला रोज ओरडायचा. काल टाच दुखते म्हणालो तर झऱ्यावरून मला परत पाठवलं तेही ओरडूनच. मी निदान वळून टाटा करायला हवा होता." आणि हा मोठा बाप्या माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच निम्मा झाला.

डॉक्टरीणबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. "झऱ्यावर होते. बाटल्या भरल्या आणि डोंगर बघत बसले. पुढे गेले नाही, वाट माहीत नव्हती." दहा मिनिटांची वाट, आणि त्या पाऊण तासाने आल्या होत्या, हे मला आठवलं. पण डोंगर बघत तर इथे सगळेच बसतात. त्यासाठीच येतात.

मी सगळं फटीतून सांगितलं. वन्संनी विचारलं, "आता काल संध्याकाळी शेगडीभोवती कोण काय बोललं, ते सांग. तुझ्या शब्दांत नको, त्यांच्या शब्दांत."

मला बडबडी म्हणतात, पण ऐकलेलं मी विसरत नाही. एकूण एक सांगितलं, रबराच्या वासासकट. माझं बोलणं संपलं आणि आत वन्सं पोत्यावरून उठल्या.

"वन्सं?"

"कुलूप काढ," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांना बूट घालायला सांग. आपण फाट्यावर जातोय."

५

धाकटे आधी तयारच होईनात. "या धुक्यात? हिच्या मागे?"

वन्सं त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या दादाने माझ्या बाणावर विश्वास ठेवला होता," त्या म्हणाल्या. "तो बाण माझा होता की नाही, हे तुम्हाला कळायला हवं. मलाही कळायला हवं. माझा निघाला तर मला परत कुलपात घाला."

लंबूने सगळ्यांना एका दोरात घेतलं. पुढे वन्सं, मग धाकटे, डॉक्टरीणबाई, मी, शेवटी लंबू. मला माझ्या पुढच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. पांढरं, ओलं, सगळीकडून दाबून धरलेलं. उजवीकडे कडा आहे एवढं माहीत होतं, कुठे ते कळत नव्हतं. आणि पुढून वन्संचा आवाज येत होता, "इथे पायरी. इथे मूळ. डावा हात खडकाला लावा." ज्या बाईला भाजीतला खडा दिसत नाही, ती आम्हा डोळसांना ओढून नेत होती. ती वाट त्यांच्या पायाखालची होती, आणि पायांना काचबिंदू होत नाही.

झरा गेला. आणखी थोडं चाललो. मग वन्सं थांबल्या. "डॉक्टरीणबाई, फाटा कुठे आहे?"

"मला काय माहीत? मी इथे आलेच नाही."

"आपण तो आत्ता ओलांडला," वन्सं म्हणाल्या. "कुणाच्या लक्षात आलं?"

कुणाच्याच आलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं जाते, तरी मलाही नाही. जाताना ती गुरांची वाट मागून येऊन मिळते, आणि खडकाची आपल्याकडे पाठ असते. पलीकडे वीसेक पावलं जाऊन मागे वळलं, तरच फाटा दिसतो आणि तरच बाण दिसतो. तो बाण येणाऱ्यांचा आहे.

आम्ही वळलो. धुक्यातून तो पिवळा बाण समोर आला. वन्संनी धाकट्यांचा हात धरला आणि त्यांची बोटं बाणावर टेकवली. "काय लागतंय?"

"काही नाही. खडक. रंग."

"सपाट?"

"सपाट."

वन्सं त्यांचा हात धरून खाली सरकवत गेल्या, त्यांच्या स्वतःच्या खांद्याच्या उंचीपर्यंत. तिथे खडकाला ओला चिखल आणि शेवाळ थापलेलं होतं. असं शेवाळ तर इथे सगळीकडे असतं. वन्संनी नखांनी ते खरवडलं. "आता?"

धाकट्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्वतःच दुसऱ्या हाताने चिखल ओरबाडायला सुरुवात केली. खाली पिवळं होतं, चिकट, अजून न वाळलेलं. एक वीतभर बाण. त्याच्या कडा खडकापासून वर आलेल्या, दाराच्या चौकटीवरच्या जुन्या रंगासारख्या जाड. तो उजवीकडे होता.

"तीस वर्षांचे थर आहेत ते," वन्सं म्हणाल्या. "मला दिसत नाही. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. तीन वर्षं झाली, मी बोटांनी रंगवते. जुन्या बाणाची कड चाचपायची आणि तिच्या आतच ब्रश फिरवायचा. कोऱ्या खडकावर नवा बाण काढणं मला जमणारच नाही, काढायचा म्हटला तरी."

मी डोळे मिटून घेतले. जे इतकी वर्षं लपवलं, ते त्यांनी चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं.

"मग हा वरचा," लंबूने विचारलं, "कोणी काढला?"

६

"काल संध्याकाळी एक जण म्हणालं, फाट्यावर चांगला हातभर बाण आहे," वन्सं म्हणाल्या. "पुस्तकात वीतभर लिहिलंय. दुपारी तेच वाचून दाखवलं. हातभर बाण जगात काल दुपारपर्यंत नव्हता."

दोर ताठ झाला. डॉक्टरीणबाई एक पाऊल मागे सरकल्या होत्या. "मी झऱ्याच्या थोडी पुढे आले असेन. जाताना दिसला असेल."

"जाताना दिसत नाही. आत्ताच आपण सगळे त्याच्यावरून गेलो."

बाईंनी कमरेचा दोर चाचपला.

"पुस्तकवाले इथून पुढे गेले, तुम्ही मागून आलात. माझा डबा तुमच्या पाठपिशवीत सहज मावतो. माझा बाण चिखलाने झाकलात आणि वर नवा काढलात, ठळक, धुक्यात दिसायलाच हवा म्हणून. हा रंग हातावरून जात नाही. तुमचे हात स्वच्छ आहेत. परवापर्यंत भरलेला हातमोज्यांचा खोका संपला म्हणता, आणि संध्याकाळी शेगडीत रबर जळत होतं. एक जोडी जाळायची तर रंग लागलेली जोडी जाळाल. उरलेला खोका कड्यावरून टाकला असेल, म्हणजे कुणी मोजायला नको. नाही तर प्रेताला उघडा हात लावणाऱ्यातल्या तुम्ही नाही."

मीच त्यांना सूप जास्त वाढलं होतं.

"परवापर्यंत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "कालपर्यंत. बाकी बरोबर आहे."

धाकटे झेपावले. लंबूने दोर आवळून त्यांना जागच्या जागी धरलं. बाई मात्र त्यांच्याशीच बोलायला लागल्या.

"तुमच्या दादांचं पहिलं पुस्तक. दुसऱ्या एका डोंगराचं. 'ओढा ओलांडून डावीकडे वळा.' ते उजवीकडे हवं होतं. माझा नवरा पुस्तक हातात घेऊन डावीकडे वळला. पुस्तक हातात होतं, तसाच सापडला. मी तुमच्या दादांना तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. दुसरी आवृत्ती आली. तिच्यात 'उजवीकडे' होतं. बस. एक ओळ नाही, एक शब्द नाही. काल मी त्यांना जेवताना विचारलं. त्यांना आठवलंसुद्धा नाही." त्यांनी श्वास घेतला. "मला वाटलं, ते एकदा चुकीच्या बाणावरून चालू देत."

"आणि मला कुलपात जाऊ दिलंत," वन्सं म्हणाल्या.

"तेवढं मी धरलं नव्हतं. वाटलं होतं, म्हातारी बाई आहे, चुकली म्हणतील आणि सोडून देतील. तुम्ही स्वतःहून आत जाऊन बसाल असं कुणाला वाटेल?" बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "त्या माणसाने एवढं जरी केलं असतं, तरी मी इथे आले नसते."

तिथे, त्या पांढऱ्या भिंतीत, एका दोरात बांधलेले आम्ही पाच जण किती तरी वेळ तसेच उभे होतो. कुणाला कुणापासून लांब जाता येत नव्हतं. शेवटी वन्सं म्हणाल्या, "चला. उजवीकडे." आणि आम्ही सगळे, डॉक्टरीणबाईसुद्धा, त्यांच्या मागे निघालो.

७

खालून लोक आले ते तिसऱ्या दिवशी. त्या दोन दिवसांत डॉक्टरीणबाई कोठीच्या खोलीत होत्या. कुलूप घालायला मी गेले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "कुलूप नको, नुसती कडी लाव. आणि तिला पोत्यावर बसवू नकोस, गादी दे." मी दिली. सूपही दिलं, एक पळी कमी.

बाई पोलिसांबरोबर उतरल्या. जाताना त्यांनी वन्संचे पाय धरले आणि वन्संनी त्यांना उठवलं, पण माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. धाकटे वन्संसमोर नुसते उभे राहिले. पुढे वर्षभराने त्यांनी दादांच्या त्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती पाठवली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं की पहिल्या आवृत्तीत अमुक पानावर डावीकडे म्हटलं होतं ते चुकीचं होतं, त्या चुकीमुळे एका माणसाचा जीव गेला आणि आमच्याकडून त्याबद्दल एक शब्दही कधी गेला नाही. मी ते वन्संना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं.

खात्याचा माणूसही आला होता. चांगला होता बिचारा. त्याने डबा आणि ब्रश मागितला आणि कागदावर सही घेतली. वन्संनी सही करताना बोट ठेवून रेघ शोधली. मी त्या माणसाला म्हणाले, "ठीक आहे, त्यांना दिसत नाही. मला दिसतं. माझं नाव लिही." तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला रंगकाम येतं?" मी म्हणाले, "येत नाही. शिकवणारी घरात आहे."

धुकं निवळल्यावर आम्ही दोघी येणाऱ्यांच्या खुणा करायला निघालो. फाट्यावर आधी तो हातभर बाण तारेच्या ब्रशने घासून काढला. वन्संनीच काढला, मला हात लावू दिला नाही. मग मी ब्रश बुडवला आणि खालच्या बाणाशी वाकून उभी राहिले. चांगलं लख्ख ऊन होतं, सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि तरी माझा हात असा थरथरत होता की पहिला थेंब बाहेर गेला.

"डोळे मीट," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, चेष्टा करू नका."

"मीट म्हणते ना."

मी मिटले. त्यांनी माझं बोट धरलं आणि बाणाच्या कडेवर ठेवलं. खरखरीत, जाड, तीस वर्षांची कड. ते बोट तसंच धरून त्यांनी उजवीकडे नेलं, हळूहळू, टोकापर्यंत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र थांबला होता.

"लागली कड?" त्यांनी विचारलं.

"लागली."

"मग रंगव. लोक यायचे आहेत."